साडेतीन रुपये शेकडा

क्रेडिट कार्ड ही 85.6 मिलिमीटर लांब, 54 मिलिमीटर रुंद आणि जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड अशी प्लास्टिकची पट्टी असते. जगभर माप एकच. त्यामुळे ती लंडनच्या पाकिटात बसते तशीच शिरूरच्याही बसते. फरक एवढाच की शिरूरच्या पाकिटात तिच्या शेजारी आधार कार्डाची झेरॉक्स, रांजणगावच्या महागणपतीचा छोटा फोटो आणि अक्षरे उडालेली पेट्रोलची पावती असते. या पट्टीवर पैसे नसतात, 'लिमिट' असते. लिमिट म्हणजे माणसाला किती खोल बुडता येईल याची बँकेने आखून दिलेली खूण. पाहुण्यांत मात्र "आपलं दीड लाखाचं कार्ड आहे" असे सांगितले जाते, तेही ऐकणाऱ्याला कार्डात दीड लाख पडून आहेत असे वाटावे अशा बेताने.

कार्ड मिळण्याचा नियम साधा आहे. हवे असेल तेव्हा ते मिळत नाही आणि नको म्हटले की घरपोच येते. रांजणगावच्या एमआयडीसीत पगाराच्या सुमारास कंपनीच्या गेटबाहेर छत्री लावून, टाय घातलेला एक मुलगा उभा असतो. भर उन्हात टाय घालणाऱ्याबद्दल माणसाला आधीच कणव वाटते. पुढचा संवाद ठरलेला आहे.

"साहेब, लाइफटाइम फ्री."

"काहीच पैसे नाहीत?"

"एक रुपया नाही. फक्त सही."

"आणि व्याज?"

"ते वेळेवर भरलं नाही तर, सर. तुम्ही काय, भरणारच."

'तुम्ही काय, भरणारच' असे म्हटल्यावर सही न करणारा माणूस भीमा आणि घोडनदीच्या दरम्यान अजून जन्माला यायचा आहे. सहीबरोबर एक पिशवी फुकट मिळते. अटींचे पुस्तक त्याच पिशवीतून घरी जाते आणि पुढे पिशवीत कांदे आले की बाहेर पडते. पूर्वी या अटी मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापत. रिझर्व्ह बँकेने महत्त्वाच्या अटींचे अक्षर किमान बारा पॉइंटचे हवे असे ठरवून दिले. तेव्हापासून त्या न वाचण्याला चष्म्याचे कारण देता येत नाही.

या पुस्तकातला मुख्य आकडा व्याजाचा. बहुतेक कार्डांवर तो महिन्याला तीन ते पावणेचार टक्क्यांच्या घरात असतो. तो कळायला गणित लागत नाही, भाषा लागते, आणि या भागात व्याजाची भाषा शेकड्याची आहे. 'दोन रुपये शेकडा' म्हणजे शंभराला महिन्याला दोन रुपये. हा ओळखीपाळखीतला भाव. तीन म्हटले की घेणाऱ्याची नड आहे हे गावाला कळते. पाच म्हटले की देणाऱ्याविषयी लोक हळू आवाजात बोलतात. हिशेब तोंडी असतो आणि चुकत नाही. चौथीत नापास झालेला माणूसही शेकड्याचे वार्षिक व्याज पान लावता लावता सांगतो. पण तोच आकडा इंग्रजीतून आला की बी.कॉम. झालेल्याचीही मती गुंग होते.

याचे उदाहरण दौंडला घडले. रेल्वेतून निवृत्त झालेले एक सासरे आणि शिरूरहून न्हावरा–चौफुला रस्त्याने मोटारसायकलवर आलेला त्यांचा जावई, असे दोघे ओसरीवर बसले होते. जावई कोण, हे सांगण्याची गरज नाही. या लेखातले बारकावे त्याच्याच बिलांवरून घेतले आहेत एवढे पुरे.

"मामा, कार्ड घेतलं. इंटरेस्ट फक्त थ्री पॉइंट फाइव्ह पर्सेंट."

"महिन्याला का वर्षाला?"

"पर मंथ."

"म्हणजे साडेतीन रुपये शेकडा."

"तसं नाही मामा. थ्री पॉइंट फाइव्ह."

सासऱ्यांनी एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने साडेतीन गुणिले बारा केले आणि पत्रिका जावयापुढे सरकवली. बेचाळीस.

"जावईबापू, या भावानं इथं कुणी पैसे वाटले तर लोक त्याच्या दारावरनं जायचं सोडतील."

"पण मामा, ती बँक आहे."

"हां, मग काय बोलायचं," असे म्हणून त्यांनी आतल्या बाजूला वळून चहा सांगितला. जावई एरवी मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवरून पाच रुपयांसाठी पाऊण तास झटणारा माणूस. त्या दिवशी त्याला चहात साखर कमी लागली.

आता कार्डाची बाजू. घेतलेल्या पैशावर काही दिवस अजिबात व्याज लागत नाही ही गोष्ट खरी आहे. बिलाची तारीख महिन्याची 20 आणि भरण्याची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची 9 धरू. 21 सप्टेंबरला घेतलेली वस्तू 20 ऑक्टोबरच्या बिलात येते आणि तिचे पैसे 9 नोव्हेंबरपर्यंत भरले तरी चालतात. एकोणपन्नास दिवस फुकट. हीच वस्तू 20 ऑक्टोबरला घेतली तर वीसच दिवस मिळतात. म्हणून मुरलेले कार्डधारक घरातला फ्रिज बंद पडला तरी बिलाची तारीख उलटेपर्यंत भाजी शेजारच्यांकडे ठेवतात. असा माणूस दर महिन्याला पूर्ण बिल भरतो आणि बँकेला व्याजाचा एक पैसा देत नाही. अमेरिकेतल्या कार्डाच्या धंद्यात या सज्जनाला गमतीने 'डेडबीट' म्हणतात, म्हणजे बुडव्या. वेळेवर फेडणाऱ्याला बुडव्या म्हणणारा धंदा कशावर चालतो, हे इथवर वाचलेल्याला वेगळे सांगायला नको.

तो चालतो बिलावरच्या दुसऱ्या आकड्यावर. बिलावर दोन रकमा असतात. एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. पहिली पाहून माणूस दचकतो आणि दुसरी पाहून त्याला बँकेविषयी माया वाटू लागते. किमान रक्कम साधारण पाच टक्के असते. ती भरली की उशिराचा दंड लागत नाही, फोन येत नाहीत, वर 'पैसे मिळाले, धन्यवाद' असा संदेश येतो. धन्यवाद मनापासून दिलेले असतात.

या जावयाने 2025 साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, 1 ऑक्टोबरला, 30,000 रुपयांचा टीव्ही घेतला. बिल आले 20 ऑक्टोबरला, नरक चतुर्दशीला. अभ्यंगस्नान आटोपून, पायाने कारीट फोडून त्याने बिल उघडले. किमान देय 1,500 रुपये. ते त्याने 9 नोव्हेंबरला इमानदारीने भरले आणि उरलेल्या 28,500 वर 9 तारखेपासून पुढे व्याज लागेल असे धरून चालला. इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. पूर्ण बिल भरले नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज वस्तू घेतल्याच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे 1 ऑक्टोबर ते 20 नोव्हेंबर, पन्नास दिवस. सौम्यात सौम्य हिशेब धरून, नुसत्या 28,500 वर वार्षिक 42 टक्क्यांनी हे व्याज 1,640 रुपये होते. त्यावर 18 टक्के जीएसटी 295 रुपये. एकूण 1,935. जावयाने 1,500 भरले आणि देणे 30,000 वरून 30,435 वर गेले.

जीएसटीची गंमत अशी की घरकर्जाच्या व्याजावर तो लागत नाही. व्याजाला सरकारने सूट दिली आहे, पण क्रेडिट कार्डाचे व्याज त्या सुटीतून शोधून बाहेर काढले आहे.

दुसऱ्या महिन्यात किमान रक्कमही आखडता हात सोडते, कारण पाच टक्क्यांत आता व्याज आणि करही मिळवलेला असतो. तिसरी गोष्ट याहून बेरकी. जुनी बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या नोव्हेंबरात जावयाने कार्डावर घेतलेले गोडेतेल, धाकट्याचे बूट आणि चौफुल्याजवळच्या ढाब्यावरची मिसळ या सगळ्यांवर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते. मिसळीवर व्याज देणारा माणूस म्हणून घरात त्याची अजूनही ओळख करून देतात.

व्याज झाले, आता शुल्के. यांची संख्या मोठी आहे आणि प्रत्येकाला वेगळे नाव आहे. उशिराचा दंड थकबाकीच्या टप्प्यांप्रमाणे वाढत जातो. लिमिटपलीकडे खर्च झाला तर त्याचे वेगळे. परदेशी चलनातल्या खरेदीवर तीन-साडेतीन टक्क्यांची भर असते. शिरूरात बसून परदेशी कसले, असे वाटते, पण मुलाने मोबाइलमधल्या खेळात डॉलरमध्ये तलवार विकत घेतली की ते कळते. एटीएममधून कार्डावर रोख काढणे हा सगळ्यांत महागडा प्रकार. अनेक कार्डांवर काढलेल्या रकमेच्या अडीच टक्के किंवा किमान 500 रुपये कापतात, त्यावर जीएसटी, आणि बिनव्याजी मुदत एक दिवसाचीही नाही. 5,000 रुपये वीस दिवसांसाठी काढले तर सव्वासातशेच्या आसपास जातात. यात्रेत पाळण्यात बसायला सुटे हवेत म्हणून असे पैसे काढणारी माणसे आहेत. पाळणा वरून खाली येईपर्यंत व्याज चालू झालेले असते.

'नो कॉस्ट ईएमआय' या प्रकाराला थोडी अधिक जागा द्यावी लागेल, कारण त्यावर शिकलेल्या लोकांची श्रद्धा आहे. शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नसते, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना लिहून कळवले. त्यानंतर शून्य टक्के गेले आणि बिनखर्चाचे हप्ते आले. यात बँक व्याज घेतेच. दुकानदार किंवा कंपनी तेवढीच सूट किमतीत देते आणि दोन्ही आकडे एकमेकांना मिठी मारून नाहीसे होतात. नाहीसा होत नाही तो व्याजावरचा 18 टक्के जीएसटी आणि बऱ्याच ठिकाणी घेतली जाणारी प्रोसेसिंग फी. दुकानात याचा उलगडा एका प्रश्नात होतो.

"मोबाइल केवढ्याला?"

"चोवीस हजार. सहा हप्ते, नो कॉस्ट."

"आणि रोख दिले तर?"

दुकानदार आजूबाजूला बघतो. "रोख देताय? मग तेवीसला बसवू."

चोवीसचे तेवीस झाले तरी गिऱ्हाईक हप्तेच घेते, कारण रोख तेवीस हजार खिशातून जाताना दिसतात आणि हप्ते जाताना दिसत नाहीत.

वार्षिक शुल्क हा विषय कौटुंबिक आहे. पुष्कळ कार्डांवर वर्षाला ठरावीक खर्च केला तर हे शुल्क माफ होते. जावयाच्या दुसऱ्या कार्डाचे (होय, दुसरे होते, त्याबरोबर बॅग मिळाली होती) शुल्क 500 रुपये, जीएसटी धरून 590, आणि माफीची अट वर्षाला एक लाख खर्चाची. मार्चअखेरीस हिशेब केला तर 2,300 रुपये कमी पडत होते. संध्याकाळी तो खोके घेऊन घरी आला.

"हे काय?"

"मिक्सर."

"घरात दोन मिक्सर आहेत."

"590 रुपये वाचवले."

"आणि हा केवढ्याचा?"

"चोवीसशेचा."

यानंतर स्वयंपाकघरातून बराच वेळ काही आवाज आला नाही. तिसऱ्या मिक्सरचाही नाही.

रिवॉर्ड पॉइंटांचे तेच. वर्षभर खर्च करून 800 पॉइंट साठतात. पॉइंटाला 25 पैसे धरले तर 200 रुपये झाले. ते वटवायला काही बँका 99 रुपये आणि वर जीएसटी घेतात, म्हणजे 117. हाती 83 रुपये येतात, आणि ते मिळेपर्यंत माणूस रात्री अकरा वाजता यादीतल्या टिफिन डब्याकडे बघत जागा राहतो. विमानतळावरचा लाउंज फुकट असतो. दौंड जंक्शनवर पहाटेच्या गाडीची वाट बघत फलाटाच्या बाकावर उपरण्याची उशी करून आडवा झालेला माणूस खिशात हा हक्क बाळगून असतो.

या सगळ्याकडे शिरूर आणि दौंड याच दोन तालुक्यांच्या इतिहासातून पाहिले तर ते जास्तच मौजेचे दिसते. डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी एका सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुखांविरुद्ध हुकूमनामा मिळवला. गावाने त्या सावकारावर बहिष्कार टाकला. न्हावी हजामत करीना, परीट कपडे धुईना, पाणी भरायला माणूस मिळेना. शेवटी त्याने बिऱ्हाड शिरूरला हलवले. पुढे 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध उठाव झाला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. तेव्हा ते आणि दौंड ही दोन्ही गावे भीमथडी तालुक्यात होती. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. खते, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या गेल्या. चौकशीला आयोग बसला आणि 1879 साली दक्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. रोख्यावरचा आकडा आला कुठून, हे न्यायालयाने तपासावे असे त्यात ठरले. पैसे भरल्याची लेखी पावती आणि खात्याचा उतारा मागण्याचा हक्कही कुळांना मिळाला.

कुळाची तक्रार तेव्हा पावती मिळत नाही अशी होती. आता पावत्यांचा पूर येतो. बिल तयार झाले, बिल आले, चार दिवस उरले, उद्या शेवटची तारीख, पैसे मिळाले, धन्यवाद, हे घ्या आणखी कर्ज. वाचणारा नाही, एवढेच. करड्याचा उपायही आता चालण्यासारखा नाही. कार्डाचा सावकार कुठल्या तरी शहरात थंड खोलीत ठेवलेला सर्व्हर असतो, आणि त्याची हजामत बंद केल्याने त्याचे काही अडत नाही.

दामदुपटीचा जुना नियम मात्र सासऱ्यांना तोंडपाठ आहे. एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही, असे तो सांगतो. परवानाधारक सावकारांना आज 2014 चा महाराष्ट्राचा कायदा लागू आहे. त्याखाली ठरलेले वार्षिक दर बिनतारणी कर्जाला शेतकऱ्यासाठी 12 टक्के आणि इतरांसाठी 18 टक्के असे आहेत. बँकांना हा कायदा लागू नाही. त्यांचे व्याज फार झाले म्हणून न्यायालयाने हिशेब पुन्हा उघडू नये अशी तरतूद बँकिंग कायद्यात 1984 सालीच आली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये 30 टक्क्यांपेक्षा जास्त कार्डव्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला. थोडक्यात, शिरूरच्या बाजारात पाटी लावून बसलेल्या सावकाराने जावयाकडून वर्षाला 18 च्या वर घेतले तर तो गुन्हेगार. जावयाने स्वतः सही करून 42 दिले तर तो 'मूल्यवान ग्राहक'. बँका दर महिन्याला तसे लिहूनही कळवतात.

तरी नियम अगदीच बँकेच्या बाजूचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार शेवटच्या तारखेनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही. न भरलेली शुल्के आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज चढवता येत नाही. विचारल्याशिवाय लिमिट वाढवता येत नाही. आणि बाकी शून्य असेल तर कार्ड बंद करण्याचा अर्ज आल्यापासून कामाच्या सात दिवसांत ते बंद करावे लागते. नाही केले तर दिवसाला 500 रुपये बँकेने ग्राहकाला द्यायचे. मिक्सरनंतर जावयाने याच नियमाच्या भरवशावर फोन लावला. मराठीसाठी तीन दाबल्यावर हिंदीतून स्वागत झाले, गाणे वाजले, आणि बऱ्याच वेळाने एक गोड आवाज आला.

"कार्ड बंद करायचंय."

"कारण विचारू शकते का, सर?"

"व्याज."

"सर, तुमच्यासाठी आनंदाची बातमी आहे. तुमची लिमिट अडीच लाख होतेय."

"मला बंद करायचंय."

"म्हणजे लिमिट वाढवायची नाही?"

"नाही."

"ठीक आहे सर. त्याऐवजी दुसरं कार्ड पाठवू का? लाइफटाइम फ्री आहे."

अर्ज लेखी दिल्यावर कार्ड सहाव्या दिवशी बंद झाले. 500 रुपये रोजाची स्वप्ने पाहत जावई सातव्या दिवसाची वाट बघत होता, तो थोडा हिरमुसला.

टीव्हीचे पहिले कार्ड मात्र अजून चालू आहे. पैसे खात्यातून आपोआप कापून जावेत म्हणून कार्ड घेताना जो फॉर्म भरतात, त्यात दोन चौकटी असतात. 'एकूण देय' आणि 'किमान देय'. टायवाल्या मुलाने घाईत जिथे फुली मारली, तिथेच ती राहते. वाचकाने आजच ॲप उघडून आपली फुली कुठे आहे ते पाहावे. जावयाची दोन वर्षे खालच्या चौकटीत होती.